आठ एप्रिलनंतर

लिएपायात त्या दिवशी बर्फ उरलं नव्हतं,
फक्त भिंतीकडेला मळके ढीग,
कुणी न्यायला न आलेल्या सामानासारखे.
स्काइद्रीतेने कॉम्प्युटर लावला आणि पडद्यावर
एक सभ्य चौकट आली:
आजपासून आमचा आधार संपला.
खाली एकच बटण. ठीक आहे.
तिने ते दाबलं. दुसरं काय दाबणार?

मग नेहमीची हिरवी टेकडी आली, निळं आभाळ आलं,
आणि शेजारच्या खोलीत विणायचं यंत्र
घसा खाकरून कामाला लागलं.
त्याला कुणी काही कळवलं नव्हतं.

मी तिथे अंगठे जोडायचे.
हातमोज्याचा पंजा यंत्र विणतं, अंगठा त्याला साधत नाही,
तो माणसानेच लावायचा.
यंत्र इटलीचं. त्या कारखान्याला फोन लावला
तर हल्ली दातांचा दवाखाना उचलतो.
नक्ष्यांचा प्रोग्राम चालायचा
तो फक्त या म्हाताऱ्या एक्सपीवर.

बँकेतला गिर्त्स येऊन डोकावून गेला.
म्हणाला, मावशी, हे म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं.
ती गुडघ्यांवर बसली, इंटरनेटची वायर उपसली,
लोकरीची गुंडी करतात तशी बोटांवर गुंडाळली,
आणि खिळ्याला टांगली.
आता दारच नाही, म्हणाली. चहा घेतोस?

पुढे आतली बॅटरी मेली.
रोज सकाळी तो उठायचा
एक जानेवारी दोन हजार दोनला.
सुरुवातीला ती तारीख दुरुस्त करायची,
मग म्हणाली, असू दे, रोज नवं वर्ष.
बिलांवर आम्ही पेन्सिलीने खरी तारीख घालायचो.
आत अजून लात चालत होते, युरो यायचा होता,
माझा नवरा अजून आयर्लंडला गेला नव्हता.
कधी कधी मी लवकर येऊन
तारखेकडे बघत बसायचे.
त्याचं कुणाला सांगितलं नाही.

एका फेब्रुवारीत डिस्क टकटकू लागली,
सुई हाडावर लागावी तशी.
स्काइद्रीते ऐकत उभी राहिली. मग म्हणाली,
या आठवड्यात ऑर्डरी नाहीत.
ऑर्डरी होत्या. मीच फोन घेतले होते.

तिने करडी लोकर लावली, पांढरी लावली,
आणि दोनशे चौदा नक्ष्या
एकाखाली एक, एकाच पट्टीवर विणायला घेतल्या.
सूर्य. पहाटेचा तारा. धामण. फरचं झाड.
तिच्या आईची लग्नातली, जिला नाव नाही.
अकरा दिवस. अडतीस मीटर.
कुणाच्या हातात न बसणारं, गळ्यात न मावणारं
आणि दर नक्षीला लाल दोऱ्याची गाठ.
हे काय, मी विचारलं.
प्रत, ती म्हणाली. करडा टाका, पांढरा टाका.
मोजता येणारी कुणीही वाचेल.

बाराव्या दिवशी डिस्क गप्प झाली, आणि कॉम्प्युटर
काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाला.
अजून चालतोय.
गेल्या हिवाळ्यात गिर्त्सच्या बँकेने
त्याचीच तेवढी जागा रद्द केली.

पट्टी पोत्यात असते, लॅव्हेंडर घालून.
दर आठ एप्रिलला आम्ही ती मागच्या अंगणात
दोरीवर येरझाऱ्या घालून वाळत टाकतो.
यंदा एकाहत्तराव्याला कसर लागलेली दिसली,
सूर्याच्या बरोबर कडेला, नखाएवढी.
स्काइद्रीतेला आता बारीक दिसत नाही.
मी चष्मा लावून रफू केलं,
टाके मोजले, पुन्हा मोजले,
आणि तरी एक जास्त आला.

उसवणार होते.
मग पाऊस येईलसं वाटलं, पट्टी गोळा केली.